पडदा बोलतो, पण उत्तर देत नाही

रे ब्रॅडबरी या अमेरिकन लेखकाची 'फॅरनहाइट ४५१' ही कादंबरी १९५३ साली आली. पुस्तकं जाळणाऱ्या समाजाची गोष्ट म्हणून ती जगभर ओळखली जाते. तिच्यातले बंबवाले आग विझवत नाहीत, आग लावतात. कुणाच्या घरात पुस्तकं सापडली की येऊन घरासकट जाळून टाकतात. पण वाचून झाल्यावर माझ्या मनात त्या आगीपेक्षा एक साधा तपशील जास्त रुतून बसला. क्लॅरिस नावाची सोळा-सतरा वर्षांची मुलगी त्यात सांगते, की पूर्वी घरांना पुढे पडव्या असत. रात्री माणसं तिथे बसत, वाटलं तर बोलत, नाही वाटलं तर नुसती झुलत राहत. मग पडव्या गेल्या. दिसायला बऱ्या नाहीत, असं घरं बांधणाऱ्यांनी कारण दिलं. तिच्या काकांना मात्र वेगळाच संशय आहे. माणसं अशी रिकामी बसून बोलतात, विचार करतात, हेच कुणाला तरी नको होतं.

कोकणातल्या माणसाला हे परकं वाटणार नाही. आपल्या जुन्या घरांची रचनाच अशी, की बाहेरचा माणूस एकदम आत येत नसे आणि आतला एकदम बाहेर पडत नसे. अंगण, पडवी, ओटी, मग माजघर. पडवीत बसलेली म्हातारी वाटेनं जाणारीला "खंय चललंस गो?" असं विचारी, ती अंगणाच्या कडेला थबके, आणि सुपारी कातरून होईपर्यंत दोघींना एकमेकींच्या घरातलं बरंच काही कळलेलं असे. आता स्लॅबची घरं आली. माकडं कौलं फोडतात म्हणून स्लॅब. तीच माकडं आत घुसतात म्हणून पुढे ग्रिल. पावसाची झड आत येते म्हणून ग्रिलला काचा. यातलं प्रत्येक कारण खरं आहे, एकही खोटं नाही. पण या खऱ्या कारणांनी मिळून बसायची जागा घालवली. आत हॉल आहे, हॉलमध्ये सोफा आहे, आणि सोफ्याचं तोंड टीव्हीकडे आहे.

डिस्टोपिया म्हणजे कल्पनेतला बिघडलेला समाज. लेखक आजच्या समाजातली एखादी सवय उचलतो आणि ती अशीच वाढत गेली तर शेवटी काय होईल ते दाखवतो. म्हणजे हे भविष्य सांगणं नसतं, आजच्याकडे नीट बघायला लावणं असतं. ब्रॅडबरीनं उचललेली सवय पडद्यावरच्या करमणुकीची होती. त्याच्या त्या जगात माणसांचं बोलणं संपलेलं आहे, आणि ते संपवण्यासाठी कुणी कायदा केलेला नाही. हे कसं घडतं, ते समजून घेण्यासारखं आहे. कारण त्यातल्या बऱ्याच पायऱ्या आपल्या वाडीतूनही जातात.

भिंतीतली नातलग मंडळी

कादंबरीचा नायक माँटॅग, त्या बंबवाल्यांपैकीच एक. त्याची बायको मिल्ड्रेड दिवसभर घरात असते. बैठकीच्या तीन भिंती म्हणजे तीन अखंड पडदे आहेत आणि तिला आता चौथीही हवी आहे. किंमत २००० डॉलर, म्हणजे नवऱ्याच्या वर्षाच्या पगाराचा तिसरा हिस्सा. हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. सरकार तिच्या घरात पडदा लादत नाही, ती स्वतः हट्टानं मागते आहे.

त्या भिंतींवर जे चालतं त्याला मिल्ड्रेड आपलं कुटुंब मानते. तिला टपालानं एक नाटुकलं येतं. त्यात एका पात्राची वाक्यं मुद्दाम गाळलेली असतात. ते पात्र म्हणजे घरी बसलेली ती. ठरल्या क्षणी भिंतींवरची सगळी माणसं वळून तिच्याकडे बघतात, तुला काय वाटतं विचारतात, आणि ती हातातल्या कागदावरचं वाक्य वाचते: मला पटलं, छान आहे, अशा धर्तीचं. शिवाय १०० डॉलर मोजून एक यंत्र जोडून घेतलंय, त्यामुळे निवेदक लाखो प्रेक्षकांशी बोलत असला तरी मधल्या रिकाम्या जागेत बरोबर हिचं नाव ऐकू येतं. माँटॅग विचारतो, हे नाटक आहे तरी कशाबद्दल? ती म्हणते, त्यात बॉब, रूथ आणि हेलन अशी माणसं आहेत. त्यापलीकडे तिला काही सांगता येत नाही.

तिच्या बोलण्यात काय कमी आहे, हे शोधायला गेलं तर चटकन सापडत नाही. समोरचा विचारतो, ती उत्तर देते, नावानं हाक येते. संवादाचा सगळा बाह्य आकार तिथे आहे. नाही ती एकच गोष्ट. तिनं त्या क्षणी "मला अजिबात पटलेलं नाही" असं म्हटलं असतं, तर भिंतीवरच्या एकाही माणसाच्या चेहऱ्यावरची रेष हलली नसती.

ही नुसती कल्पना नाही, हे समाजशास्त्रज्ञांनी लगेच ओळखलं होतं. कादंबरीनंतर तीनच वर्षांनी, १९५६ साली, डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी टीव्ही आणि रेडिओवरच्या निवेदकांबद्दल एक लेख लिहिला. निवेदक कॅमेऱ्यात बघून मित्रासारखा बोलतो, प्रेक्षकाला तो ओळखीचा वाटू लागतो, रोज त्याच वेळी भेटतो म्हणून त्याची वाट बघितली जाते. नातं तयार होतं, पण एकाच बाजूनं. प्रेक्षक त्याला ओळखतो, त्याला प्रेक्षक माहीत नसतो. आज हे समजायला परदेशी लेखाची गरज नाही. मालिकेतल्या सुनेला कुणी छळलं तर संध्याकाळी खऱ्या सासवांच्या डोळ्यांत पाणी येतं. व्हिडिओ करणारा पोरगा "काय मंडळी, कशी आसात?" असं आपल्याच मालवणीत विचारतो आणि एकट्या राहणाऱ्या माणसाला बरं वाटतं. ते बरं वाटणं खोटं नाही. मी त्याला हसणार नाही. ज्या घरात पोरं मुंबईला, पुण्याला आणि बोटीवर आहेत, तिथे रात्री आठ वाजता घरात कुणाचा तरी आवाज असणं ही मोठी गोष्ट आहे. पण त्या पोराच्या "कशी आसात?"ला आजीनं "गुडघो दुखता रे बाबा" म्हटलं तर ते कुणाच्याही कानावर जात नाही, हेही तितकंच खरं.

याचा परिणाम ब्रॅडबरी फार थंडपणे दाखवतो. शेजारची क्लॅरिस दिसेनाशी होते. माँटॅग बायकोला विचारतो, तेव्हा ती सांगते की ती मुलगी बहुतेक गेली, गाडीखाली सापडली, चार दिवस झाले. मग मला आधी का नाही सांगितलंस? विसरले. शेजारच्या पोरीचा मृत्यू आणि विसरले! आपल्याकडे वाडीत कुणी गेलं तर निरोप पोचायला अजून फार वेळ लागत नाही, माणसं हातातलं काम टाकून येतात. म्हणून मला वाटतं, आपण त्या टोकाला पोचलेलो नाही. पण मिल्ड्रेड दुष्ट नाही, हे लक्षात घ्यायला हवं. भिंतींवर दिवसभर इतकी माणसं येतात, भांडतात, मरतात, की खऱ्या मरणालाही त्याच रांगेत उभं राहावं लागतं.

दोन माणसं बोलतात तेव्हा

बोलणं ही इतकी रोजची गोष्ट आहे की तिच्यात किती कसब आहे ते आपल्याला जाणवत नाही. २००९ साली दहा वेगवेगळ्या भाषांमधल्या बोलण्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाचं वाक्य संपलं की दुसरा साधारण एक पंचमांश सेकंदात बोलायला लागतो, असं त्यात दिसलं. एक शब्द मनात जुळवून तोंडावर आणायलाच याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण त्याचं वाक्य कुठे जाणार ते ताडत असतो आणि उत्तराची तयारी करत असतो. ताडलेलं चुकतं, मग आपण सावरतो. हे चुकणं आणि सावरणं म्हणजेच दुसऱ्याला समजून घेणं. मालिका बघताना आपण ताडतो, पण सावरण्याची जबाबदारी आपल्यावर नसते. चुकलो तरी गोष्ट पुढे चालूच राहते.

लहान मुलांवरच्या दोन प्रयोगांनी हा फरक फार स्वच्छ दाखवला आहे. अमेरिकेत पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या बाळांना मँडरिन चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर ती भाषा बोलणारी माणसं प्रत्यक्ष बसली, पुस्तकं दाखवली, खेळली. काहींना तीच माणसं, तेच बोलणं व्हिडिओवर दाखवलं. प्रत्यक्ष माणसं भेटलेली बाळं त्या भाषेतले आवाज वेगळे ओळखायला शिकली. व्हिडिओवाली शिकली नाहीत. आवाज तोच, शब्द तेच, तरी.

इथे थांबलं तर पडदाच वाईट असं वाटेल, म्हणून दुसरा प्रयोग सांगते. २०१४ साली दोन-अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदं शिकवून पाहिली. व्हिडिओ कॉलवर समोरची बाई मुलाचं बघून, त्याच्या हालचालीला प्रतिसाद देत बोलत होती, तेव्हा मुलं प्रत्यक्ष भेटीइतकीच चांगली शिकली. आधी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ दाखवला तेव्हा नाही. दोन्हीकडे काच होती. एका काचेपलीकडे उत्तर देणारं माणूस होतं, दुसऱ्या नव्हतं.

मला या सगळ्या विषयात हा प्रयोग सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण तो आपल्याला उगाच मोबाइलला शिव्या देण्यापासून वाचवतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात वीज गेली, मोबाइलचे टॉवर बंद पडले. मुंबईत लॉकडाउन, गावात नेटवर्क नाही. आईवडील जिवंत आहेत का, छप्पर राहिलंय का, हे मुलांना कळेना. जिथे कुठे रेंजची एखादी काडी मिळेल तिथवर माणसं चालत गेली, दोन मिनिटं बोलून आली. त्या लोकांना कुणी येऊन सांगावं, की बरं झालं पडदा बंद झाला! दुबईच्या मुलाशी बोलणारी आई आणि त्याच फोनवर रात्री दोनपर्यंत रील सरकवणारा नातू, यांच्या हातातली वस्तू एक असली तरी त्यांचं चाललेलं काम अगदी वेगळं आहे.

आणि करमणूकही वाईट नाही. आपल्याकडचा दशावतारच घ्या. जत्रेच्या रात्री देवळासमोर उभा राहणारा हा खेळ लिखित संहितेवर चालत नाही. कोणतं आख्यान लावायचं ते आधी ठरतं, कुणी कुठलं पात्र करायचं ते ठरतं, बाकीचं सगळं रंगमंचावर. मागे हार्मोनियम, पखवाज, झांज. राजसिंहासन म्हणजे एक लाकडी बाकडं. नारदानं एखादा अनपेक्षित प्रश्न टाकला की राजा झालेल्या नटाला तिथल्या तिथे उत्तर सुचावं लागतं, आणि ते पुराणाला धरूनही असावं लागतं. समोरची माणसं नुसती ऐकत नाहीत. उत्तर फसलं तर कुजबुज होते, जमलं तर टाळ्या. सुरुवातीच्या आडदशावतारात संकासूर मालवणीत बोलू लागला की गावातल्या चालू गोष्टी त्यात हमखास येतात. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कालच्या सवालजवाबाचा कीस पडतो. म्हणजे ही करमणूक बोलण्याची जागा घेत नाही, उलट लोकांना बोलायला विषय पुरवते.

कुणी म्हणेल, आपलंही सगळं बोलणं कुठे इतकं जिवंत असतं? देवळातल्या गाऱ्हाण्यात प्रत्येक वाक्याला सगळे "व्हय म्हाराजा" एवढंच म्हणतात. तेही मिल्ड्रेडच्या वाक्यासारखं ठरलेलंच. आक्षेप चांगला आहे. पण गाऱ्हाणं घालणारा गावकार काय बोलतो ते ऐका. अमक्याचा मुलगा परगावी आजारी आहे, तमक्यांच्या घरात दोन वर्षं भांडण आहे, वाडीला पाणी पुरत नाहीये. घराघरातली अडचण नावानिशी मोठ्यानं उच्चारली जाते. "व्हय म्हाराजा" म्हणणाऱ्याला त्यातलं प्रत्येक घर माहीत असतं आणि बाहेर पडल्यावर "काय रे, पोराची तब्येत कशी आसा?" हे विचारलं जातं. उत्तर ठरलेलं असलं तरी त्यामागची माणसं खरी आहेत, आणि त्यांची एकमेकांशी उद्याही गाठ पडणार आहे.

रिकामा वेळ कुठे गेला

टीव्ही कोकणात आला तेव्हा त्यानं माणसं तोडली नव्हती. २५ जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं, तेव्हा अख्ख्या वाडीत टीव्ही असलेलं एखादंच घर असे. रविवारी सकाळी सगळे तिथे जमत. एक जण कौलावर चढून अँटेना फिरवी, खालून सगळे "इला, इला... गेला!" असं ओरडत. भाग संपला की लक्ष्मणाचं चुकलं की सीतेचं, यावर वाद. पडदा एक होता, बघणारे अनेक होते आणि वेळ ठरलेली होती. ती संपली की तो बंद होई.

पुढे घरोघरी टीव्ही आले, केबल आली, आणि ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झाल्यावर डेटा इतका स्वस्त झाला की प्रत्येकाच्या हातात वेगळा पडदा आला. त्याहून मोठा बदल आतल्या यंत्रणेत झाला होता. यूट्यूबनं २०१२ साली आपली शिफारस करण्याची पद्धत बदलली. आधी एखादा व्हिडिओ किती वेळा उघडला गेला याला महत्त्व होतं, मग तो किती वेळ बघितला जातो याला महत्त्व आलं. यंत्राला सांगितलेलं काम एवढंच, की माणूस जास्तीत जास्त वेळ इथे राहिला पाहिजे. त्यासाठी एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, पान खाली सरकवत राहिलं तर त्याला तळच लागत नाही. सरकवताना पुढे काय येईल ते माहीत नसतं: दहांतलं एखादंच मस्त निघतं, बाकी टाकाऊ. कधी मिळेल याचा नेम नसलेलं बक्षीस प्राण्यांना सगळ्यात चिकाटीनं कामाला लावतं, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग करून १९५७ सालीच सविस्तर मांडलं होतं.

या यंत्रणेला हवा असतो आपला रिकामा वेळ. आणि नेमका तोच वेळ बोलण्याचा असतो. माणसं बोलण्यासाठी म्हणून क्वचितच जमतात. ती दुसऱ्या कशासाठी तरी बसलेली असतात आणि बोलणं आपसूक होतं. मे महिन्यातलं रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडणं आठवा. पडवीत गोणपाट पसरलेलं, मधे लाल-जांभळ्या रातांब्यांचा ढीग. एकेक फळ अंगठ्यानं दाबून दोन भाग करायचे, गर-बिया एका टोपात, सालं परातीत. रस कोपरापर्यंत ओघळतो, नखं आठवडाभर लाल राहतात. हात गुंतलेले आणि डोक्याला काम नाही. अशा वेळी बायका जे बोलतात ते एरवी कधी बोलत नाहीत: सासरी पहिल्या वर्षी काय झालं, मूल गेलं तेव्हा कोण आलं होतं, कुणाच्या लग्नात कुणाचे दागिने गहाण पडले. मधे लांब शांतता असते, ती कुणाला खटकत नाही. पोरीबाळी शेजारी बसून हे सगळं ऐकतात. घराण्याचा इतिहास कुठल्या वहीत नसतो, तो अशा परातीभोवती असतो. बंदरावर जाळी विणताना पुरुषांचं हेच चाले, जून-जुलैत मासेमारी बंद असली की जास्तच.

आता त्याच परातीच्या कडेला डब्याला टेकवून मोबाइल उभा केलेला असतो. काम होतं, सालं वाळतात, आगळही निघतं. फक्त ती शांतता राहत नाही, आणि शांततेनंतर जी गोष्ट निघायची ती निघत नाही.

कादंबरीत कानात बसणारे इवलेसे रेडिओ आहेत, शिंपले म्हणतात त्यांना. मिल्ड्रेड रात्रभर ते घालून झोपते आणि दिवसाही काढत नाही. इतकी वर्षं सराव झाल्यामुळे ती समोरच्याचे ओठ वाचून कळतं तेवढं कळून घेते. एका रात्री माँटॅगच्या मनात येतं, आपणच एक प्रसारण केंद्र विकत घ्यावं आणि तिच्या त्या शिंपल्यातून तिच्याशी बोलावं. शेजारच्या पलंगावरच्या बायकोशी. कानात इअरबड्स घातलेल्या मुलाला "जेवायला ये" असा व्हॉट्सअॅप खालच्या खोलीतून करणारी आई तुमच्या ओळखीत असेल, तर ब्रॅडबरीनं १९५३ साली काय पाहिलं होतं ते कळेल.

मुलांचं नुकसान मोजता येतं. डिमिट्री क्रिस्टाकिस या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या गटानं २००९ साली लहान मुलांच्या अंगावर ध्वनिमुद्रण यंत्र लावून घरातलं बोलणं मोजलं. टीव्हीचा आवाज जितके तास चालू, त्यातल्या प्रत्येक तासामागे मुलाच्या कानावर पडणारे मोठ्यांचे शब्द सुमारे ७७० नी कमी भरले. मूलही कमी आवाज काढतं, देवाणघेवाणही कमी होते. इथे मूल टीव्ही बघतंय की नाही हा मुद्दाच नाही. टीव्ही चालू असला की मोठी माणसं गप्प होतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली एक वर्षाखालच्या बाळांना पडदा अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एक तासापेक्षा जास्त नको असं सांगितलं, त्यामागे अशा अभ्यासांचा आधार आहे. कादंबरीतली एक बाई अभिमानानं सांगते, की पोरं महिन्यातून तीन दिवस घरी येतात तेव्हा त्यांना भिंतींच्या खोलीत लोटायचं आणि बटण दाबायचं, कपडे धुण्याच्या यंत्रात टाकून झाकण लावावं तसं. मी तिच्यावर एकदम रागावू शकत नाही. दिवसभर काजूच्या कारखान्यात उभं राहून आलेल्या बाईनं संध्याकाळी भाकऱ्या भाजताना मुलाच्या हातात फोन दिला, तर त्यात तिचा दोष थोडाच. पूर्वी त्या वेळी मुलाला सांभाळायला आजी होती, काकी होती. आता त्या घरात दुसरं कुणी नाही.

यात सत्तेचा काय फायदा

जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' या १९४९ सालच्या कादंबरीतही भिंतीवर पडदा आहे, पण तो माणसावर पाळत ठेवतो आणि पूर्ण बंद करता येत नाही. तिथे भीती आहे. ब्रॅडबरीच्या जगात मौज आहे, आणि म्हणून ते मला जास्त जवळचं वाटतं. बंबवाल्यांचा प्रमुख बीटी माँटॅगला सगळा इतिहास समजावतो. वरून हुकूम आला नव्हता. लोकांना वेळ कमी होता, म्हणून पुस्तकं छोटी झाली, मग त्यांचे सारांश आले, मग सारांशांचे सारांश. कुणाचं मन दुखू नये म्हणून टोकदार ते काढून टाकलं. विचार करायला लावणारं काही उरलं नाही, तेव्हा सरकारला पुस्तकं जाळायला कुणाचा विरोधच राहिला नाही. बंदी शेवटी आली. त्याआधी लोकांनी स्वतःहून वाचणं आणि बोलणं सोडलं होतं.

लोक बोलायचे थांबले की पहिली गोष्ट जाते ती तुलना. माझ्यावर आलेलं संकट माझ्यापुरतं आहे की सगळ्यांवर आलंय, हे दुसऱ्याशी बोलल्याशिवाय कळत नाही. कादंबरीतल्या बायका निवडणुकीबद्दल बोलतात, पण एवढंच, की एक उमेदवार दिसायला राजबिंडा होता आणि दुसरा बुटका, भांग वेडावाकडा. धोरणाचं नाव नाही.

आपल्याकडे वानर-माकडांचा प्रश्न बघा. नारळ जातात, केळी जातात, कुळीथ-वरी करणंच बऱ्याच जणांनी सोडलं. प्रत्येक घर आपापल्या ग्रिलमागे बसून माकडाचा व्हिडिओ काढतं, तो पसरतो, त्यावर हसण्याच्या खुणा येतात. पण १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी अशा दिवशी होणाऱ्या ग्रामसभेत किती जण येऊन बसतात आणि सगळ्यांचं नुकसान एका कागदावर मांडतात? तक्रारीला शंभर जणांनी फोनवर लाइकचा अंगठा देणं आणि पाच जणांनी समोरासमोर बसून "मग आता काय करूया?" म्हणणं यात फार अंतर आहे. पहिल्यानं मन हलकं होतं, दुसऱ्यानं अर्ज तयार होतो.

पडदा बंद केल्यावर

एका प्रसंगात माँटॅग बायकोच्या मैत्रिणी आलेल्या असताना भिंतीच बंद करून टाकतो. बायका चुळबुळायला लागतात, काय बोलावं ते त्यांना सुचत नाही. मग तो मॅथ्यू अरनॉल्ड या इंग्रज कवीची 'डोव्हर बीच' ही कविता मोठ्यानं वाचतो. समुद्रकिनाऱ्यावर रात्री उभं राहून लाटांच्या गाजेत जुनी दुःखं ऐकणाऱ्या माणसाची ती कविता. मिसेस फेल्प्स नावाची बाई ढसाढसा रडू लागते. का रडतेय ते तिलाही सांगता येत नाही. दुसरी भयंकर चिडते, म्हणते असल्या कवितांनी माणसं दुखावतात. दोघी निघून जातात.

पडदा बंद केला की लगेच गप्पांना बहर येतो, असं ब्रॅडबरी दाखवत नाही, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास बसतो. आधी येतो तो अवघडलेपणा, मग रडू, मग भांडण. पडद्यानं या सगळ्यावर इतके दिवस झाकण घातलेलं असतं.

कोकणात हे झाकण कुठे असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. सातबाऱ्यावर वीस-तीस नावं, त्यातली निम्मी वारलेली. घर सामायिक, दुरुस्ती कुणी करायची ठरत नाही. चतुर्थीला सगळी भावकी एका छपराखाली येते, वर्षातली ही एकच संधी. आरत्या होतात, भजन होतं, मोदक होतात, आणि मधल्या मोकळ्या तासांत जो तो फोनमध्ये किंवा टीव्हीसमोर. वासे कुजलेत हे वर मान केली की दिसतं. कुणी विषय काढत नाही, कारण काढला की काका आवाज चढवणार, वहिनी उठून आत जाणार, जुनं गहाणखत निघणार. गौरी-गणपती जातात, गाड्या परत निघतात, आणखी एक पावसाळा त्याच वाशांवर.

आमच्या घरी यंदा चुलतभावांनी आधीच ठरवलंय. दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं झाली की टीव्हीची वायर काढून ठेवायची, फोन माजघरातल्या फडताळात, आणि सगळ्यांनी ओटीवर बसायचं. सातबाऱ्याचा उतारा आणि सुतारानं दिलेला अंदाज मी आणणार आहे. मोठे काका चिडतील, हे धरूनच चाललोय. त्यांना मधेच उठून जाऊ द्यायचं नाही, चहा तिथेच आणून द्यायचा, आणि १९९४च्या वाटणीत आपल्यावर अन्याय झाला असं त्यांना वाटतं, ते त्यांना एकदाचं पूर्ण सांगू द्यायचं. आजवर ते कुणी शेवटपर्यंत ऐकून घेतलेलं नाही.